कुठली मुंगी?

१२ जून

आत्याबाईंस,

फोनवर आपण दोघी ओरडतो आणि मुलगी पडद्यामागे उभी राहून ऐकते. म्हणून यापुढे जे सांगायचं ते लिहून. हे पत्र तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते आहे. उत्तर त्याच कप्प्यात ठेवावं. तिला अजून वाचता येत नाही.

आधी 'वन्सं' असं लिहायला घेतलं होतं. पण तुमचा भाऊ आणि मी वेगळे झाल्यावर तो शब्द कुठल्या हक्काने वापरायचा ते कळेना. तुम्ही माझ्या मुलीच्या आत्या आहात, एवढं मात्र नक्की. तुमचा भाऊ जहाजावर आहे तोवर एक आड एक शनिवार-रविवार ती तुमच्याकडे राहील, असं ठरलं आहे. मी ते पाळते आहे. ते चालू राहावं असं वाटत असेल तर काही गोष्टी तुम्हालाही पाळाव्या लागतील.

मागच्या वेळी ती गुडघा सोलवटून आली. गुडघ्याबद्दल तक्रार नाही. पाच वर्षांच्या मुलीचा गुडघा सोलवटायचाच. तक्रार वेगळी आहे. मी औषध लावत होते तेव्हा ती भिंतीकडे बघत राहिली. डोळे कोरडे. "दुखतंय का?" विचारलं तर "नाही" म्हणाली, आणि पाय थरथरत होता. तिला कुठे आणि किती दुखतंय हे कळायला माझ्याकडे तिच्या रडण्याखेरीज दुसरं साधन नाही. ते तुम्ही बंद पाडता आहात.

तिला तलावावर नेऊ नका. डोक्यावरून पाणी घेतलं तरी ती किंचाळते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पोहायला शिकवता, तो तुमचा व्यवसाय आहे; ती तुमची विद्यार्थिनी नाही.

आणि तिला मुंगी म्हणू नका. तिला नाव आहे.

तिची आई


१४ जून

अगं इंजिनिअरबाई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं नव्या मिक्सरबरोबर आलेला कागद आहे. मशीन ओलं करू नये. मशीन आपटू नये. वॉरंटी किती वर्षांची, तेवढं लिहायचं राहिलं.

मी आजवर कुणाला "रडू नको" म्हटलेलं नाही. पडलेल्या पोराकडे 'अरे बापरे' करत धावलं की ते भोकाड पसरतं, आणि हसून बघितलं की कपडे झटकून उठतं. हे कळायला तुझ्या कारखान्यातल्या भट्टीत डोकं घालावं लागत नाही. या गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखाली पोहायला शिकली. त्यांतल्या कुणाची आई मला कागद लिहीत नव्हती.

तुझ्या लेकीला बूट घालता येत नाहीत, हे तुला माहीत आहे का? कसं असणार, तूच घालतेस. काल सकाळी बूट तिच्यापुढे ठेवले आणि मी पेपर उघडून बसले.

"आई घालते."

"आई इथे नाही."

"मग तू घाल."

"मी पेपर वाचतेय."

पेपर संपला. तोच पुन्हा पहिल्या पानापासून वाचला, छोट्या जाहिरातींसकट. शेवटी बाईसाहेबांनी घातले. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. बदकासारखी फेंगडी चालत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आली. दुकानदार म्हणाला, "ताई, बूट उलटे आहेत." तर म्हणते, "माहीत आहे मला." माहीत नव्हतं गं! पण म्हणाली! मला एवढं हसू आलं की मी पाठ फिरवून बिस्किटांचे भाव विचारत बसले.

तलावात नेली नाही. काठावर बसवली. माझी शिकवणी असताना तिला घरी कुणाच्या गळ्यात बांधू? आणि एक सांग, लोखंडालासुद्धा पाणी दिल्याशिवाय धार येत नाही, हे मी तुझ्यासारख्या लोखंडवालीला सांगायचं?

मुंगी नाव मी ठेवलं, कारण रांगत होती तेव्हापासून ताटाखाली सांडलेला कण न् कण उचलून ती कोपऱ्यात नेऊन जमा करायची. कागदावरचं नाव तू कागदावर वापर.

आत्याबाई (हे बरं काढलंस, म्हातारी झाल्यासारखं वाटलं)


२६ जून

आत्याबाईंस,

सोमवारी शाळेतही तिने बूट उलटेच घातले. मी फाटकाशी सरळ करून दिले. उलट्या बुटांत पाच तास बसण्याने कुणी खंबीर होतं, असं मला वाटत नाही.

तुम्ही लोखंडाचा विषय काढलात म्हणून लिहिते. आमच्या कारखान्यात गिअर येतात. ते भट्टीत लाल करतात आणि एकदम तेलात बुडवतात. तुम्ही ज्याला पाणी देणं म्हणता ते हेच. मोठा आवाज होतो, धूर येतो, बाहेरचं कुणी आलं तर तेवढं बघून खूश होऊन जातं. त्यानंतर गिअर अतिशय कठीण झालेला असतो. तो तसाच बाहेर पाठवला तर पहिल्या धक्क्याला त्याचे दात तुटतात. म्हणून तो पुन्हा तापवतात, या वेळी मंद, आणि सावकाश निवू देतात. त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण चिवटपणा येतो तो या दुसऱ्या वेळी. कठीण आणि चिवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पहिलीवर थांबता.

काठावर बसवल्याचं वाचलं. काठ हा तलावाचाच भाग आहे.

तुम्हाला ती भीती हसण्यासारखी वाटते. तुम्हीच तिला मुंगी म्हणता, तर 'मुंगीला मुताचा पूर' ही म्हणही ठाऊक असेल. पूर किती मोठा हे पाण्याने ठरत नाही, ते मुंगीच्या उंचीने ठरतं.

ती पुन्हा पाण्याजवळ गेल्याचं कळलं तर तिचं तुमच्याकडे येणं बंद होईल. हे धमकीसाठी लिहिलेलं नाही. माहितीसाठी लिहिलं आहे.

तिची आई


२८ जून

इंजिनिअरबाई,

लोखंडपुराण वाचलं. अध्याय संपला की प्रसाद मिळतो का?

मला धडे देतेस, आता मी एक विचारते. शाळा भरल्यावर तू वर्गाच्या खिडकीखाली उभी राहतेस, हे खरं का? रोज? कामावर उशिरा जाऊन? मला मुंगीने सांगितलं. मी सहज विचारलं होतं की शाळेत रडतेस का गं. म्हणाली, "आई खिडकीत असली की रडते."

"का?"

"आई वाट बघत असते ना."

ऐकलंस? तुझ्यासाठी रडते ती. तू टाचा उंचावून उभी असतेस, मग बिचारीला वाटतं, आईला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं!

आज ती आपण होऊन पायरीवर उतरली. मी सांगितलं नव्हतं. जरा घाबरली. बाकी काही झालं नाही.

आत्या


३० जून

हे पत्र टपालाने पाठवते आहे, कारण आता पिशवी तुमच्याकडे येणार नाही.

काल सकाळी शाळेत जाताना बसमध्ये ती शांतपणे म्हणाली, "आई, मी काल पाण्यात मेले."

मी विचारलं, "असं कोण म्हणालं?"

"आत्या. मोठ्यांदा म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं."

शेजारच्या बाई उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या.

घरी आल्यावर तिने मला विचारलं की मेलेल्यांना तहान लागते का. मी पाणी दिलं, ते ती प्यायली, आणि पेल्याकडे बघत म्हणाली, "लागते."

'बाकी काही झालं नाही' असं तुम्ही लिहिलंत. काय झालं ते मला माहीत नाही, आणि तुमच्याकडून खरं कळेल अशी आशाही नाही. पण पाण्यात घाबरलेल्या पाच वर्षांच्या मुलीला चार लोकांत 'तू मेलीस' म्हणणारी बाई लहान मुलांना काय शिकवत असेल, हा प्रश्न मला पडला आहे. तलावाच्या व्यवस्थापकांनाही तो पडायला हवा. अजून त्यांना लिहिलेलं नाही. तुमच्या भावाला मात्र कळवलं आहे.

दहा तारखेला ती येणार नाही. त्यानंतरही नाही.


४ जुलै

तू मला काय म्हणालीस ते मी तीनदा वाचलं. माझ्या वाईटावर असलेल्यांनीही मला असं कधी म्हटलं नाही.

काय झालं ते ऐक. मग तुला ज्याला लिहायचं त्याला लिही.

मी फाटकावरच्या माणसाशी टॉवेलांवरून भांडत होते. तलावाकडे पाठ होती. हे मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू तेवढंच वाचलं असतंस. ती पहिल्या पायरीवर पाय बुडवून बसली होती. दुसरीवर उतरली असणार. तिथे शेवाळ आहे, मी कितीदा सांगितलं घासा म्हणून. मी वळले तर पायरी रिकामी. बाई गं, ती रिकामी पायरी मला अजून दिसते. कपड्यांसकट उडी घातली. वेणी हाताला लागली, वर ओढली. पाणी तिच्या छातीएवढंच होतं, उभी राहिली असती तर काही नव्हतं. पण त्या वेळी उभं राहायचं सुचत नाही, मोठ्यांनाही नाही. खोकली, डोळे एवढाले झाले. मी तिला कडेला घेतलं, पाठ चोळली, जमिनीवर पाय आपटला आणि "काही नाही झालं, काही नाही झालं, मुंगी मेली, मुंगी मेली!" म्हणून हसून दाखवलं, पडलेल्या प्रत्येक पोराला म्हणत आले तसं. मीच घाबरले होते ते तिला कळू नये म्हणून जरा जास्तच मोठ्यांदा म्हटलं. ती हसली नाही. रडलीही नाही. मला वाटलं, शाब्बास, धीट आहे.

आणि तू म्हणतेस मी तिला 'मेलीस' म्हणाले? माझ्या भावाच्या लेकराला? तो शब्द तिच्यासाठी काढण्याआधी माझी जीभ झडेल. पोरीने स्वप्न पाहिलं असेल, नाहीतर तू तिच्या तोंडात घातलं असशील. खिडकीखाली उभी राहून रडणं गोळा करणारीला ते अवघड नाही.

मला मूल नाही म्हणून मला काही कळत नाही, हे तू कधी लिहिलं नाहीस, पण तुझ्या प्रत्येक ओळीखाली ते असतं. नसू दे कळत. तिची उशी मी उन्हात घातली होती. आता आत आणून ठेवली आहे. उशीला काय, ती थांबेल.


१० जुलै

आत्याबाईंस,

हे पत्र पिशवीत आहे, म्हणजे ती तुमच्यासमोर उभी आहे. तिला आत घ्या, खायला द्या, आणि मग पुढचं वाचा.

तुटलेला भाग आमच्याकडे तपासायला आला की आम्ही आधी तुटलेली कड बघतो. तडा कुठून सुरू झाला ते तिथे दिसतं. तुमचं पत्र मी तसं वाचलं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तिला काय म्हणालात ते तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलं आहे आणि तुम्हाला ते दिसलेलं नाही. पाय आपटल्यानंतरचं वाक्य पुन्हा वाचा. मोठ्यांदा वाचा.

तिला तुम्ही काय नावाने हाक मारता?

मी तिला विचारलं, "मुंगी मेली म्हणजे काय गं?"

"म्हणजे मी."

"कधी मेलीस?"

"पडले की. तुझ्याकडे पडले की पण. आत्याकडे पण. मग परत येते."

"मेल्यावर दुखतं का?"

"नाही. मेल्यावर दुखत नाही. म्हणून रडायचं नसतं."

हे ती रंगपेटीचं टोपण लावत सांगत होती. तुम्हाला जे धीट वाटलं आणि मला जे तुम्ही दटावल्यामुळे वाटलं, ते हे होतं. ती आपल्या मरणाची शिस्त पाळत होती. आपण दोघींनी पत्रांत तिच्या खंबीरपणावर वाद घातला. तिने एकटीने नियम तयार केला होता: पडलं की मरायचं, थोडा वेळ थांबायचं, परत यायचं. मुद्दाम ठरवूनही इतकी चांगली व्यवस्था मला सुचली नसती. फक्त तिच्यात रडायला जागा नव्हती.

मी सांगितलं की ती मुंगी म्हणजे जमिनीवरची, खरी मुंगी. लहान मुलांना हसवायला सगळेच तसं म्हणतात, मीही म्हणते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला काय माहीत? तू तिथे नव्हतीस."

मुद्दा बरोबर आहे. जी तिथे होती तिने सांगायला हवं. म्हणून ती येते आहे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. टॉवेलांसाठी पाठ वळवणं आणि ते लपवणं, या दोन्ही गोष्टी जागच्या जागी आहेत. रविवारी ती घरी येईल, तेव्हा पुढे यायचं की नाही हे मी ठरवीन.

तिची आई


१२ जुलै

वाचलं. मोठ्यांदाच वाचलं, तू म्हणालीस तसं. वाचता वाचता खाली बसले.

इतकी वर्षं किती पोरांना म्हटलं असेल ते वाक्य. आणि हिचं नाव मुंगी मीच ठेवलं. शहाण्या माणसाने कपाळ कुठे फोडून घ्यायचं?

शनिवारी सकाळी तिला समोर बसवून सांगितलं. म्हटलं, तू नव्हतीस मेलेली, तुला पाण्यातून काढली तेव्हा तू जिवंत होतीस, खोकत होतीस, माझ्या पदरावर सगळं पाणी ओकलीस. मेली असेल तर ती दुसरी मुंगी, खालची, खरी.

मला वाटलं, हुश्श करेल. ती म्हणाली, "कुठली?"

"अगं, असेल कुठलीतरी."

"तू पाय आपटलास. तिच्यावर?"

आता काय सांगू? म्हटलं, मुंगी नव्हतीच, आपलं म्हणायचं तसं. तर म्हणते, "मग खोटं का बोललीस?" म्हटलं, होती असेल एखादी. तर ओठ काढला. "मग ती परत नाही आली?"

आणि रडली. अगं काय रडली! तलावाच्या फाटकाबाहेर, सगळी शिकवणी बघत असताना, त्या मुंगीसाठी, गुडघ्यासाठी, पाण्यासाठी, बापासाठी, सगळं एका दमात. माझ्या तोंडाशी आलं होतं 'काही नाही झालं.' गिळलं. एवढी बोलणारी मी! तिच्या शेजारी फाटकाच्या ओल्या पायरीवर बसून राहिले. शिकवणीच्या पोरांना म्हटलं, आज आपापलं पोहा, उथळ बाजूला. थांबायला बराच वेळ लागला. मी घाई केली नाही. हे तुझ्या दुसऱ्या तापवण्यात बसतं की नाही ते तू तपास, मला तुझं लोखंड कळत नाही.

मग नाक पुसून म्हणाली, "आता मला भूक लागली."

आज केस धुताना पाण्याचा मग स्वतःच्या हाताने डोक्यावर ओतला. किंचाळली. किंचाळत किंचाळत ओतला. पण तिनेच.

तलावावर फाटकाच्या आत नेली नाही. तुझी परवानगी नव्हती.

मुंगी म्हणू नको म्हणालीस तर नाही म्हणणार. जीभ वळवायला वेळ लागेल. तिला विचारलं, तर म्हणाली, "मुंगीच म्हण, पण मेली म्हणू नको." तिचं तिने ठरवलं. तुझं तू ठरव.

आणि त्या खिडकीखालून बाजूला हो. एवढं मी सांगणारच, मग पिशवी येवो की न येवो.

आत्या


२४ जुलै

वन्सं,

हक्काचा प्रश्न सुटलेला नाही. 'आत्याबाईंस' लिहायला जास्त वेळ लागतो, एवढंच कारण आहे.

या आठवड्यात मी खिडकीखाली उभी राहिले नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. कामावर रोज उशीर परवडत नव्हता. तुम्ही बरोबर होतात असा याचा अर्थ काढू नये. काढाल, हे मला माहीत आहे.

त्यामुळे बुधवारी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. बाईंनी सांगितलं ते लिहिते. ती घसरगुंडीच्या शिडीवरून पडली. मुलं जमली. बाई धावत आल्या आणि सगळे करतात तसा त्यांनीही जमिनीवर पाय आपटला. "काही नाही झालं! बघ, मुंगी..."

"झालंय," ती म्हणाली. "मी पडले. मला दुखतंय. मुंगीला मध्ये आणू नका."

आणि मग रडली. बाई म्हणाल्या की शाळेत आल्यापासून इतकी मोठ्यांदा कधीच रडली नव्हती. त्यांनी मला बोलवायला फोन हातात घेतला, तर रडता रडताच तिने विचारलं, "आईला कशाला?" कोपर धुऊन घेतलं आणि पुन्हा शिडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सर्वांत शेवटी. पुढे जायला दिलं तरी गेली नाही.

घरी आल्यावर मला कोपर दाखवलं. "किती दुखतंय?" विचारलं तर तिने नीट विचार केला. म्हणाली, "मघाशी खूप. आता थोडं." एवढं अचूक उत्तर मला कारखान्यातही रोज मिळत नाही.

तलावाबद्दल. ती दुसरी पायरी खरवडून घासून घ्या. ओल्या फडक्याने नाही, तारेच्या ब्रशने. स्वतः उभं राहून करून घ्या आणि टॉवेलांचं भांडण दुसऱ्या कुणावर सोपवा. मग फाटकाच्या आत न्यायला माझी हरकत नाही. पाण्यात कधी उतरायचं ते ती सांगेल. तुम्ही नाही, मीही नाही.

व्यवस्थापकांना मी लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

बूट आज उलटे आहेत. शाळेच्या फाटकाशी माझ्या लक्षात आलं होतं. मी बस पकडली.

मुंगीची आई